दोन रेघांच्या मधलं बटण

धार
२ ऑगस्ट

मयुरेश दादा,

नमस्कार. मामा-मामींना माझा नमस्कार सांग. इकडे सगळे मजेत. इरा परवा वर्षाची झाली, भिंत धरून चालते आणि मी बघत नसले की चप्पल चाटते. आईसाहेबांचे गुडघे दुखून राहिले, पण सकाळची आरती चुकत नाही. यांचं दुकान बरं चाललंय. मोटरसायकलचे पार्ट द्यायला गंधवानीकडे जातात तेव्हा यायला अंधार होतो, एवढंच.

चिठ्ठी कशाला, असं म्हणशील. फोन आमच्या घरात सगळ्यांच्या हातात असतो. ही चिठ्ठी नेहाजवळ देते. नेहा म्हणजे आमच्या बाजूची, शाळेत शिकवते, शनिवारी माहेरी, तुमच्या देवासला जाते. तुझं उत्तर आणि पुढे सांगते ते टाकलेला पेनड्राइव्ह तिच्याजवळच दे.

आधी थँक्यू म्हणते, मग भांडते. तू तुझा जुना लॅपटॉप दिलास आणि त्यात स्वतः बनवलेलं गाणीवालं टाकून दिलंस. बारशाला लोकांनी चांदीचे वाळे आणले, पण इरा झोपते ती तुझ्या गाण्यांवर. वाळे डब्यात पडले आहेत.

आता भांडण. तू ते शॉर्टकट बनवून कागदावर लिहून दिलेस. कंट्रोल दाबा, शिफ्ट दाबा, मग एक नंबर दाबा. दादा, तू कधी पोर कमरेवर घेऊन पोळ्या लाटल्या आहेस का? माझ्याजवळ एकच हात असतो आणि तो पण पिठाचा. तीन बटणं दाबायला मी काय दुर्गामाता आहे?

आणि तो बाण. बोट फिरवलं की कुठे पळतो, मला सापडतच नाही. मी शोधत बसते, इरा किंचाळत असते. हे म्हणतात, "अगं, तुझ्या समोर तर आहे!" असेल. मला नाही सापडत. मला काय कंप्युटर येतो?

तर माझं म्हणणं असं. एका यादीला एक बटण. इराच्या झोपेचं एक, आंघोळीचं एक, जेवायचं एक, आईसाहेबांच्या आरतीचं एक. यांच्या जुन्या गाण्यांचं पण एक ठेव, नाहीतर फुगतील. दाबलं की वाजलं पाहिजे. आणि स्क्रीन बघायला लागू नये. हे मोठ्या अक्षरात लिहून घे. इराला झोपवताना दिवा लावला की ती उठते, म्हणून.

स्क्रीनवर खाली जे लिहून येतं ते मराठीत करून देतो म्हणालास, ते नको. माहेरी उदयनगरला आठवीपर्यंत शिकले ते पण हिंदीत, मला मराठी वाचायला वेळ लागतो तुला माहीत आहे. लिहिण्याऐवजी काही वाजव किंवा काही बोल. कानाने मला लवकर समजतं.

अजून एक. काल इराने बटणांवर थाप मारली आणि तिची झोपेची यादीच उडाली. सगळी गाणी गायब. मग काय, मीच गायले. माझा आवाज तुला माहीत आहे, बाजूची म्हैस पण उठली.

मागच्या हप्त्यात ओट्याची पायरी चुकले. जास्त नाही लागलं. इरा हातात नव्हती, हे बरं झालं.

तुझी
गुड्डी


धार
३१ ऑगस्ट

मयुरेश दादा,

नमस्कार. गणपती बसले. आईसाहेबांनी मोदकाचं सारण मलाच करायला लावलं, गोड जास्त झालं, हे म्हणाले फर्स्ट क्लास झालं. तुझ्यासाठी डबा पाठवते, नेहाने रस्त्यात खाल्ले नाही तर.

तुझा पेनड्राइव्ह मिळाला. दादा, मी किती वेळा थँक्यू म्हणू? तू एकेक गोष्ट ऐकलीस. आमच्या घरी मी बोललेली एकेक गोष्ट कोणी ऐकेल तर मी नारळ फोडेन.

तू चिठ्ठीत लिहिलंस की बटणांवरून बोट फिरवून बघ, दोन बटणांवर बारीक रेघ उठलेली आहे. मला तर माहीतच नव्हतं! एफ-वालं आणि जे-वालं. सगळ्या दुनियेच्या कीबोर्डवर असते, न बघता टाइप करणाऱ्यांसाठी, असं तू लिहिलंस. कोणी तरी विचार करून ठेवली असेल ना. त्याचं भलं होवो.

आता डाव्या रेघेवर इराची झोप. तिच्या बाजूला आंघोळ, तिच्या पुढे जेवण. उजव्या रेघेवर आईसाहेबांची आरती, तिच्या बाजूला यांची गाणी. खालचं लांब बटण दाबलं की सगळं चूप. मी त्यावर टिकल्या पण लावल्या. झोपेला गोल मोठी, आंघोळीला खडेवाली, जेवणाला लांब, आरतीला लाल मखमली. आईसाहेब म्हणाल्या, "हे काय सूनबाई, लॅपटॉपला हळदीकुंकवाला बोलावलंय का?" मी म्हटलं, इराला मजा वाटते.

आणि तो तुझा आवाज! बटण दाबलं की तू बोलतोस, "इराची झोप." असा बोलतोस जसा बस स्टँडवर माणूस बोलतो, इंदूर, महू, मानपूर. पहिल्या दिवशी आईसाहेब पदर सावरून बाहेर आल्या, पाहुणा कोण आला म्हणून.

इरा आता दोन्ही हातांनी थापा मारते तरी काही होत नाही. पुष्कळ बटणं एकदम दाबली तर मशीन ऐकणार नाही, हे तू फार हुशारीचं केलंस. आणि यादी उडाली तर परत येते, ते पण मी करून बघितलं. चालू गाणं यादीत टाकायचं तर बटण दाबून धरायचं, घंटी वाजली की सोडायचं. माझ्यासारखीला हे आलं म्हणजे कोणालाही येईल.

एक विचारायचं होतं. दोन रेघांच्या मध्ये दोन बटणं आहेत, ती तू रिकामी का ठेवलीस? तिथे बोट सगळ्यात लवकर जातं. आणि तू विचारलंस की गुड्डी, तुझी यादी कुठली? माझी कुठली असणार. ज्याचं गाणं चालू ते माझं.

परवा नेहासोबत इंदूरला जाऊन आले. घरी सांगितलं की इरासाठी फ्रॉक घ्यायचे आहेत. फ्रॉक घेतले पण. आणि डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले, चश्म्यासाठी. त्यांनी एका मशीनमध्ये डोकं ठेवायला सांगितलं, की लाइट दिसला की बटण दाबा. मी दाबत होते. नेहा मागे उभी होती, ती नंतर म्हणाली की पुष्कळ लाइट आले तेव्हा तू दाबलंच नाही. डॉक्टर म्हणाले चश्म्याने काम नाही होणार. अजून पण बोलले. ते आता नाही लिहीत, पाहुणे यायचे आहेत.

काल गल्लीतल्या बायका आल्या होत्या. एका घरी आजीच्या हातून नातू पडला, त्याचं सांगून राहिल्या होत्या. आजीच्या डोळ्यांत मोतीबिंदू. आईसाहेब म्हणाल्या, "जिला नीट दिसत नाही तिच्या हातात पोर देतातच कशाला? बसवायचं एका जागी, माळ द्यायची हातात." सगळ्या हो हो म्हणाल्या. मी भाजी निवडत होते. मान वर नाही केली.

त्या तशा वाईट नाहीत, दादा. माझ्या बाळंतपणात चाळीस दिवस त्यांनी मला पाण्यात हात घालू दिला नाही. पण इराला कोणी माझ्या कमरेवरून उतरवून घेतलं ना, की आता तू बस, तर मी काय करीन मला माहीत नाही. असंच लिहिलं. तू मनावर नको घेऊ.

तुझी
गुड्डी

मोदकाचा डबा रिकामा पाठवू नकोस, आईसाहेब मोजतात.


धार
दसऱ्याचा दुसरा दिवस

मयुरेश दादा,

नमस्कार. सोनं घे आणि सोन्यासारखा रहा. चिठ्ठीत आपट्याचं पान ठेवलंय, तुटलं असेल तर हातात घेऊन जोडून बघ.

आज मी सगळं लिहिणार आहे. इरा आईसाहेबांजवळ आहे, माझ्या मर्जीने. ते पण सांगते.

तुला माहीत आहे, नवमीला आमच्याकडे शस्त्रपूजा असते. आबासाहेब, म्हणजे माझे सासरे, गेले तरी त्यांची तलवार निघते. तिच्यासोबत यांचे नट आवळायचे पाने, माझी विळी, शिलाईची कात्री, ज्याच्यावर घर चालतं ते सगळं. या वर्षी आईसाहेब म्हणाल्या, लॅपटॉप पण ठेवा, त्याच्यावर आमची नात झोपते. आणि पूजेत ठेवलं की दसऱ्यापर्यंत उचलायचं नाही. मी हो म्हटलं. म्हटलं, एका दिवसाने काय होतं.

पण पूजेच्या आधी हत्यारं घासून पुसून ठेवतात. मी आंघोळीला गेले तेवढ्यात आईसाहेबांनी लॅपटॉप पुसला. टिकल्या बघितल्या, म्हणाल्या असतील देवापुढे हे काय. नखाने काढल्या आणि गोंद जाईना तर खोबरेल तेल लावून काढला. अशी चमकवली ती बटणं जशी तलवार. वरून हळदकुंकू, झेंडूचं फूल. बाजूला समई.

संध्याकाळी इराला ताप भरला. दात यायचे होते. रडून रडून निळी पडली. हे गंधवानीहून यायचे होते. आईसाहेबांनी अंगारा लावला, पाय चोळले, ती काही चूप होईना. मग त्या स्वतःच म्हणाल्या, "सूनबाई, लावा ते गाणं. देवाला मी सांगते. लेकराहून मोठं शस्त्र नाही."

मी इराला कमरेवर घेतलं आणि पूजेच्या खोलीत गेले. बाहेर उजेड कमी झाला होता. आत फक्त समई.

दादा, मला ती समई दिसली नाही.

जळणारी समई. खोलीतला एवढाच एक उजेड आणि तो माझ्या बाजूला होता. मी समोर लॅपटॉप बघत होते, माझं कोपर लागलं. आईसाहेब मागे होत्या, त्यांनी पुढे होऊन दोन्ही हातांनी धरली. तेल सगळं त्यांच्या पदरावर. इराच्या पायापासून एवढीशी दूर होती वात.

त्या ओरडल्या, "डोळे कुठे होते?"

मी मनात म्हटलं आधी गाणं लावते, मग बोलतील ते ऐकून घेईन. हात टाकला तर टिकली नाही. एक पण नाही. नुसतं तेल, बोट घसरत होतं. कुठलं तरी दाबलं, काही नाही. दुसरं दाबलं, काही नाही. इरा कानाजवळ ओरडत होती. तिसरं दाबलं.

आणि तू बोललास.

"गुड्डी, थांब. घाबरू नकोस. हात उचल, आरामात खाली ठेव. दोन रेघा शोध. डावी रेघ इराची आहे. घाई नाही."

हे तू केव्हा टाकून ठेवलंस? चिठ्ठीत काही नाही लिहिलंस. तीन वेळा चुकीचं बटण दाबलं की बोलायचं, असं ठेवलं होतंस ना? टिकल्या होत्या तोवर मी कधी तीनदा चुकलेच नाही, म्हणून मला कळलंच नाही. आणि तो बस स्टँडवाला आवाज नव्हता. तो उदयनगरचा होता.

मी हात उचलला. खाली ठेवला. टिकल्या पुसता येतात दादा, रेघ नाही पुसता येत. ती होती. मी दाबलं. इराचं गाणं लागलं आणि ती माझ्या खांद्यावर हुंदके देत देत चूप झाली.

आईसाहेब तिथेच उभ्या होत्या. पदरातून तेल गळत होतं. त्या म्हणाल्या, "ज्याला दिसतं त्याला असं कोणी सांगत नाही."

मग मी सांगितलं. जे तुला पण नव्हतं लिहिलं, ते आता लिहिते. डॉक्टर म्हणाले की हे लहानपणापासूनचं आहे. अंधारात दिसत नाही ते आधी, मग बाजूचं दिसणं कमी होत जातं. जसं नळीतून बघावं तसं. हळूहळू नळी बारीक होईल. किती दिवसात ते सांगता येत नाही, पुष्कळ वर्षं पण लागतील, असं म्हणाले. औषध नाही. आणि म्हणाले की मुलीला पण आणून दाखवा.

हे शेवटचं मी नेहाला पण कोणाजवळ बोलू दिलं नव्हतं.

सांगितलं आणि इराला घट्ट धरून बसले. वाटलं आता हात पुढे करतील, आणा इकडे म्हणतील. मी मनात ठरवलं होतं, सोडणार नाही. त्या माझ्याजवळ जमिनीवर बसल्या, एवढे गुडघे दुखतात तरी. म्हणाल्या, "त्या दिवशी मी बायकांसमोर बोलले, तुम्ही तिथेच होतात."

मी म्हटलं, होते.

"भाजी निवडत होतात."

"हो."

त्यांनी पदराचं कोरडं टोक धरलं आणि माझे डोळे पुसले, मग त्याच पदराने स्वतःचे.

हे आले तेव्हा रुसले. मारामारीवाला राग नाही, गप्प बसायचा राग. म्हणाले, "मला नाही सांगितलं, तुझ्या दादाला सांगितलं!" मी म्हटलं, देवाशप्पथ, दादाला पण नाही सांगितलं. "मग त्याला कसं माहीत?" मी ताट वाढलं. ते जेवले नाही. पण सकाळी बघते तर ओट्याच्या पायरीच्या काठावर पिवळा रंग मारून बसले होते, दुकानातला, मोटरसायकलचा. दसऱ्याच्या दिवशी! आईसाहेब म्हणाल्या, "मुहूर्त तरी बघायचा राजवर्धन." हे म्हणाले, "आई, आता मुहूर्तच आहे." माझ्याशी अजून पूर्ण नाही बोलत. पण चहाचा कप देताना माझा हात धरून त्यात देतात. मी म्हटलं, अहो, दिवसा दिसतं मला! तर म्हणाले, "दिसू दे."

आणि काल सोनं वाटून झाल्यावर आईसाहेब टिकल्यांचं पाकीट घेऊन बसल्या. "सांगा, कुठली कुठे?" मी सांगत गेले, त्या लावत गेल्या. आरतीच्या बटणावर त्यांनी एवढी मोठी लावली की बाजूचं बटण पण झाकलं. मी म्हटलं, आईसाहेब, यांची गाणी बंद झाली. त्या म्हणाल्या, "बरं झालं." त्यांचा एक निरोप पण आहे. तू नुसतं "आरती" बोलतोस, ते त्यांना आवडत नाही. "आईसाहेबांची आरती" असं बोलायचं. आणि बस स्टँडसारखं नको.

आता तुझ्याबद्दल लिहिते. कालपासून विचार करून राहिले की तुला कसं माहीत. मग आठवलं. उदयनगरला तू सुट्टीत यायचास, आपण नाल्याकडे खेळायला जायचो. दिवस मावळायला लागला की बाकीची पोरं पळायची आणि तू थांबायचास. माझा हात धरायचास. सगळ्यांना सांगायचास, गुड्डीला अंधाराची भीती वाटते. पोरं हसायची. घरचे पण म्हणायचे, भित्री आहे. मला पण तसंच वाटत राहिलं एवढी वर्षं, की मी भित्री आहे. बाकीच्यांना अंधारात दगड दिसतात, हे मला कुठे माहीत होतं?

पण तू रस्त्यात बोलत असायचास. इथे दगड आहे. इथे पाणी. आता उतार आहे, घाई नाही. तू तेव्हापासून जाणत होतास का रे? की मी लिहिलं, स्क्रीन बघायला लागू नये, तेव्हा समजलं? सांगू नको सांगायचं नसेल तर. तू विचारलं नाहीस, याचेच उपकार मला जास्त वाटतात. विचारलं असतंस तर मी खोटं बोलले असते, आणि मग तू ते आवाजवालं टाकू शकला नसतास.

सोमवारी इराला घेऊन इंदूरला जायचं आहे. मी, हे आणि आईसाहेब. तिघं जण. मागच्या वेळी नेहाच्या मागे लपत गेले होते. भीती वाटते दादा, फार वाटते. माझ्यासाठी नाही. तिचं काय निघेल ते निघेल, पण मी आत्तापासूनच रोज तिचं बोट धरून त्या दोन रेघांवरून फिरवते. ती हसते, तिला गुदगुल्या होतात. दिसत राहिलं तर खेळ झाला. नाही तर रस्ता माहीत राहील.

शेवटची गोष्ट आणि मग बंद करते, मीच इराला मांडीवर दिलंय, आईसाहेबांचे पाय भरून आले असतील.

त्या मधल्या दोन रिकाम्या बटणांचं मी विचारलं होतं, तू उत्तर दिलं नव्हतंस. मला समजलं. एकावर माझी यादी कर. नाव तुझ्या आवाजात बोल, "गुड्डीची." त्यात काय टाकायचं ते मी दाबून धरून टाकत जाईन, मला येतं. डाव्या रेघेवर लेक, उजव्या रेघेवर सासू, मध्ये मी. आता शोधायला लागणार नाही.

दुसरं बटण रिकामंच ठेव. इरा मोठी होऊन तिची यादी बनवेल, त्याच्यासाठी. बघून बनवेल की न बघून, ते तिचं बटण आहे.

अंधारात हात धरलेली,
तुझी गुड्डी